कुंडलिक मिस्त्रीची घाटातली ट्रायल

...आणि वर लोक विचारतात, मिस्त्री सदा वैतागलेला का? वैतागणार नाही तर काय करेल हो! तुम्हाला सांगतो, एकाहत्तर साल होतं, भोरात गाड्या दुरुस्त करणारे ढीगभर, ट्रॅक्टर आणा, टेम्पो आणा, कुणीही पाना हातात घेईल, पण हा आमचा कुंडलिक फक्त जुन्या विलायती गाड्यांना हात लावणार, त्याही लांब पल्ल्याच्या, पुढं हे एवढं लांबलचक बॉनेट आणि मागं जागा म्हणाल तर एक छत्री आणि दोन पपया! तरणा असताना मुंबईच्या गॅरेजात तेवढंच शिकला, तेवढंच डोक्यात बसलं. बरं, शिकला तर शिकला, पण ह्या माणसाच्या जिवाला चैन नाही.

पुण्याच्या एका वकीलसाहेबांची तसलीच गाडी त्याच्याकडं आली. दोन दारांची, गडद हिरवी, वडिलांच्या हौसेची, आणि त्यांच्या माघारी शेडात पडून आत कोंबड्या अंडी घालायच्या. ह्यानं ती खिळा न् खिळा सुटी केली. आता पार्ट आणायचे कुठनं? विलायतेहून मागवा तर सरकारचं परमिट, आणि परमिट येईतो मागवणारा पेन्शनीत! मग तांब्याचा पत्रा कापून गॅस्केट, सागवान घासून डॅशबोर्ड... आणि कार्बोरेटर दोन, दोघांनी एका सुरात श्वास घ्यायला हवा, म्हणून रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरला, दुसरं स्वतःच्या कानाला, असा हा दिवसभर वाकलेला. बायको साळूबाई म्हणायची, मी खोकून मेले तरी ह्यांना ऐकू यायचं नाही, पण त्या मोटारीचा दमा बरोबर ऐकू येतो. हा म्हणायचा, ऐकतोय, जरा गप. चैन नाही हो जिवाला!

सगळं झालं, तरी गाडी देईना. का? तर सपाटीवर कुणीही पळवील, वरंधा घाटात तापली म्हणजे? त्यात साहेबांचा निरोप आला, परवा न्यायला येतो, आणि मी बसेपर्यंत सीटवर दुसरं कुणी बसायचं नाही. सीट कसली, साईच्या रंगाचं मऊ कातडं, लोण्यासारखं! मिस्त्री स्वतःसुद्धा धुतलेल्या धोतराची घडी घालून तिच्यावर बसायचा.

तर सकाळी निघाला एकटाच. घाट चढला, नजर तापमानाच्या काट्यावर, काटा जागचा हलेना. वर थांबून बॉनेट उघडलं, हात लावून बघितलं, इंजिन खुशाल. माणसाला आनंद व्हावा की नाही? ह्याला वाटलं, काटाच बिघडला असणार! खाली उतरला, पुन्हा चढला. सांगितलं ना, चैन नाही.

परतताना वाटेतल्या हिर्डोशी गावाशी गेनबा नावाचा एक शेतकरी रस्त्यात आडवा उभा. मागं दोघांच्या खांद्यावर बाज, बाजेवर त्याची बायको फुलाबाई, कळा देऊन देऊन दमलेली, सुईणीनं हात टेकलेले, आणि एसटी केव्हाच गेलेली. कुंडलिकनं काच खाली केली आणि सांगितलं, गाडी माझी नाही, परक्याची आहे. गेनबानं नुसते हात जोडले. पुढं आली त्याची आई, धोंडाबाई.

"गाडी कुनाची का आसंना बाबा," ती म्हणाली, "चालवनारा तर तू हायेस न्हवं?"

मिस्त्री उतरला. आपल्या बुडाखालचं धोतर काढून शेजारच्या सीटवर अंथरलं, फुलाबाईला बसवलं, म्हातारी मागं पाय पोटाशी घेऊन कोंबली, गेनबाला जागाच नाही, तो धुरळ्यात मागं पळत राहिला. आणि मग तो रस्ता! हळू न्यावी तर उशीर, जोरात न्यावी तर खड्डे... मधेच तिची पाणमोट फुटली. धोतर भिजलं, कातडं भिजलं. कुंडलिकनं तिकडं बघितलं नाही, काट्याकडंही बघितलं नाही, नुसतं म्हणत राहिला, आक्का, दम धर, भोर आलंच. भोर कुठलं यायला, निम्मा रस्ता बाकी!

पोहोचली कशीबशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर आडवं होतं, आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. मुलगी झाली. मिस्त्री दवाखान्याच्या पायरीवर भिजलेलं धोतर पिळत बसला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साबणानं घासघासून सीटवर तांब्याएवढा डाग उरलेलाच होता. कुंडलिकनं काही झाकलं नाही, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी डाग बघितला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"घाटात तापली का?"

"न्हाई साहेब."

"आणि पोर?"

"तिलाबी ताप न्हाई."

साहेब हसले, त्याच सीटवर मिस्त्रीला बसवलं, स्वतः चाक धरलं आणि भोरभर फिरवून आणलं.

आता तरी चैन पडावी? कुठली! हिर्डोशीकडं बोभाटा झाला, बाया एसटीची वाट बघायचं सोडून ह्याच्या गाडीची बघायला लागल्या. म्हणून पुढची गाडी तयार झाली तेव्हा हा घाटाकडं फिरकलाच नाही, गुपचूप वेल्ह्याच्या रस्त्याला लागला. तर मार्गासनीला एक बाई गाठोडं घेऊन कडेला बसलेली, तिनं हात केला. कुंडलिकनं करकचून ब्रेक दाबला. विचारलं, कळा कधीपासनं येतात?

"कळा कशाच्या? सातवा लागलाय नुकता," ती म्हणाली. "म्हनलं, जागा तर धरून ठिवावी."

काय करता? उघडलं दार.