नानांची टिटवी

मंडळी, लाइट गेली आहे. माइक बंद, पंखे बंद. मागे ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी पुढं सरका, केळीच्या या पॅकिंग शेडमध्ये जागा भरपूर आहे. नाना असते तर त्यांनी तुम्हाला हाताला धरून पुढं आणून बसवलं असतं. आणि बसल्याबसल्या विचारलं असतं, जेवून आलात का?

रावेरची मंडळी आहेत, बोदवडची आहेत, अमळनेरचे पाहुणे सकाळच्या एसटीनं आलेत. मी सुधाकर, धुळ्याचा. नात्यानं नानांचा शालक, आमच्या अक्काचा धाकटा भाऊ. माझ्याआधी जे बोलले ते चांगलं बोलले. कुणी नानांच्या केळीबद्दल बोललं, कुणी त्यांच्या आग्रहाबद्दल. मी मात्र इतकी वर्षं या माणसाशी फक्त भांडलो. आता समोर भांडायला कुणी नाही, तर बोलायचं कसं तेच कळत नाही.

कशावरून भांडलो? बॅटरीवरून. हसा, हसा. अक्कासुद्धा हसतेय, म्हणजे तुम्हालाही चालेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. नाना रॉकेट उडवायचे. दिवाळीतलं नव्हे. हातभर लांब, पुठ्ठ्याच्या नळीचं, वर टोपी, पोटात कापडाची छत्री. दारूचा भाग धुळ्याच्या एका परवानेवाल्याकडून मी आणायचो. रॉकेट वर जायचं, छत्री उघडायची, डुलत डुलत खाली यायचं. वर जाण्याचं काही नव्हतं हो. अडचण खाली येण्याची होती. खाली काय आहे? केळी. पलीकडे काय आहे? केळी. या केळीत उभा माणूस शिरला तर दिसत नाही, तिथं हातभर नळी कुठून दिसणार? पहिली रॉकेटं गेली ती गेलीच. त्यातलं एक पुढं घड कापताना सापडलं, तेव्हा व्यापाऱ्यानं नानांना विचारलं, ही कुठली नवीन फवारणी?

म्हणून नानांनी टिटवी बनवली. बोटभर सर्किट, त्याला एक छोटा भोंगा. रॉकेट पडलं की ती ओरडणार. आपण आवाजाच्या मागं जायचं. झकास. पण टिटवीला खायला काय द्यायचं? तिथून आमचं जुंपलं.

मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये अख्खी नोकरी केलेला माणूस. माझी बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात. नानांना पाहिजे होती शर्टाच्या खिशात विसरता येईल अशी. घड्याळाचा सेल लावला, तर टिटवी कण्हली आणि गप्प झाली. रेडिओची चौकोनी बॅटरी लावली, तर टिटवी खणखणीत, पण रॉकेट कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत जाऊन माघारी. मग चार्जिंगवाले कॅडमियमचे सेल आणले, त्यांनी बरीच वर्षं काढली. त्यांची एक खोड होती. अर्धवट भरलेले असताना पुन्हा पुन्हा चार्जिंगला लावले, तर काम अर्धवटच करायचे. म्हणून नाना आधी त्यांना टॉर्चचा बल्ब जोडून पार रिकामे करायचे, मग भरायचे. ठिबकच्या नळीचं शेवटचं बूच काढून आपण सगळा गाळ वाहू देतो ना, अगदी तसं.

आता गंमत ऐका. गेल्या वर्षी नानांच्या पुण्याच्या भाच्यानं त्याच्या मोबाइल फोनची जुनी बॅटरी आणून दिली. लिथियमची. बिस्किटाएवढी, वजनाला काही नाही. नाना ती तळहातावर घेऊन अंगणभर फिरले. ज्याला त्याला दाखवत होते. आणि मग केळीवाल्यानं जे करायचं तेच केलं. बूच काढलं. टॉर्चचा बल्ब लावला आणि बॅटरी पार कोरडी केली. मंडळी, लिथियमला ते अजिबात चालत नाही. ती एकदा पार रिकामी झाली की पुन्हा उठत नाही. नानांनी चार्जर बदलून पाहिला, तारा बदलून पाहिल्या. मी म्हटलं, नाना, गेली ती, आता जबरदस्ती करू नका, फुगेल, पेट घेईल. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. नाना जेवले नाहीत, हे या गावात कुणाला खरं वाटेल का?

भाच्यानं दुसरी पाठवली. तेव्हापासून नानांनी तिचं सगळं पथ्य सांभाळलं. तिचाच चार्जर वापरायचा, दुसरा लावायचा नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवायची नाही. रोजची तिची जागा माठाच्या तिवईशेजारी, गारव्याला, पण ओल लागणार नाही अशी. चार्जिंगला लावली की मातीच्या कुंडीत वाळूवर ठेवायची आणि जवळ खुर्ची टाकून बसायचं, ती भरेपर्यंत उठायचं नाही. अक्का मला म्हणाली, "पोरंसजोडे इतला कधी बठनात नही." पोरांजवळ कधी इतके बसले नाहीत, असं तिचं गाऱ्हाणं. आणि उडवायचं नसेल तेव्हा ती अर्धीच भरलेली ठेवायची. हे नानांना फार जड गेलं. पाहुण्याच्या ताटात चौथी पोळी टाकणारा माणूस, अर्ध्यावर हात कसा आखडणार? अक्का स्वयंपाकघरातून ओरडायची, "पाव्हनासले आग्रह करा, बॅटरीले नका करू."

तरी भांडण मिटलं नाहीच. मी म्हणायचो, टिटवी सतत ओरडली पाहिजे, म्हणजे माणूस सरळ चालत जाईल. नानांचं म्हणणं, नाही, सतत ओरडली तर संध्याकाळपर्यंत बॅटरी संपेल. काही मिनिटांनी एकदाच ओरडू दे, बाकी वेळ झोपू दे, मग पुष्कळ दिवस पुरेल. मी म्हटलं, अहो, मिनिटं मिनिटं ती गप्प राहिली तर शोधायचं कसं? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "सुधाकर, तुले घाई फार. उभं राहायचं. कान द्यायचा." मी कागदावर गणित मांडून दाखवलं की असं केलं तरी आठवडाभराच्या वर ती टिकणार नाही. नाना कागदाकडे न बघता म्हणाले, "टिकते."

आणि मग तो रविवार. मी आलेलो होतो. संध्याकाळी रॉकेट उडवलं. इतकं सुंदर कधी गेलं नव्हतं, खरं सांगतो. छत्री उघडली आणि वारा आला. रॉकेट तरंगत तरंगत शेजारच्या दगाभाऊंच्या केळीवर गेलं आणि दिसेनासं झालं. मी धावायला निघालो. नानांनी माझा हात धरला. म्हणाले, आता अंधार पडेल, सकाळी आरामात आणू, टिटवी आहे ना. घरी आलो, जेवलो. त्यांनी मला चौथी पोळी वाढली. नाना झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

नंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. दहावं झालं, तेरावं झालं. रॉकेट अजून तिथंच आहे. आम्ही शोधलं नाही असं नाही. मी गेलो, भाचा गेला, दगाभाऊंची माणसं गेली. पण आम्ही सगळे पानं बाजूला करत, एकमेकांना हाका मारत फिरलो. वर पाण्याच्या मोटरींचा आवाज, रस्त्यावर ट्रक. उभं कुणीच राहिलं नाही. दगाभाऊ म्हणतात, उद्यापासून कापणी आहे, ट्रॅक्टर शिरेल. आणि आज सकाळी अक्कानं मला एवढंच विचारलं, "टिटवी सापडनी का रे?" नानांनी हातानं केलेलं शेवटचं ते आहे. ते तिला पाहिजे.

माझ्या गणितानं ती बॅटरी केव्हाच संपलेली आहे. मी ते गणित परत परत केलं, बरोबर येतं. नाना, आयुष्यभर मी तुमच्याशी जिंकायला भांडलो. आज माझं गणित चुकू द्या.

मंडळी, लाइट गेलेली आहे. शिवारातल्या मोटरी बंद आहेत. दगाभाऊंची केळी या शेडच्या मागच्या तारेपासूनच सुरू होते. आता आपण नानांसाठी उभं राहू या. दोन मिनिटांचं मौन म्हणत नाही, टिटवी जरा उशिरानं बोलते, तेवढा वेळ उभं राहू या. कुणी कुजबुजू नका, बांगड्या वाजवू नका, कान द्या.

आणि ती बोलली तर कुणी धावू नका. आधी अक्का जाईल.