स्विचवरचा लाल ठिपका

राजेहो, दवाखान्यात झाडू मारतो मी. आमच्या बुढीचा रक्ताचा रिपोर्ट कम्प्युटरात अडकला, अन् त्याच्याबिगर डॉक्टर औषध सुरू करीना. इंजिनिअर सनाताई स्विचशी, म्हंजे कम्प्युटरायच्या वायरी जोडाच्या डब्याशी, झगडून राह्यली होती. "बाबा, या एका मशीनीत रिपोर्ट ठेवणारे तीन सर्व्हर हायेत. तिघायले स्विचच्या ठरलेल्या एकाच भोकातून वाट दिली, तरी बंद!"

मी भेत भेत म्हटलं, "ताई, झाडतानी वायर निघाली होती. मले भोकावरचे आकडे वाचता येत नाईत, दिसलं त्या भोकात खुपसली."

तिनं वायर जागेवर लावली, रिपोर्ट आला.

"माफ कर, पोरी."

"माफी कायले? तुमी सांगतलं म्हणून सापडलं. बरं, गावच्या कळपात आपल्या बकऱ्या कशा वळखता?"

"रंग लावून."

तिनं नखपॉलिशनं वायर अन् भोक लाल केलं. बुढी आता बरी हाय. त्या लाल ठिपक्याले हात जोडल्याबिगर मी झाडू उचलत नाई.