पहारीचं टोक

हाडांच्या दवाखान्यात बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या दीर-भावजयीचं बोलणं पडत होतं. दिराचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"कप्पी-दोरखंड लावून ते जड यंत्र उचला म्हटलं, तर म्हणालात, दोरखंड दुबळ्यांसाठी!"

"वहिनी, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. यंत्र पायावर आलं तेव्हा तुमचे चार पैलवान काय करत होते?"

"जोर लावत होते."

"बोंबलत होते! खाली पहार घालून, विटेचा टेकू देऊन दुसऱ्या टोकावर कोण लोंबकळलं?"

"तुम्ही."

"माझं वजन?"

"असेल चाळीस किलो."

नर्स आली. "पाय थोडक्यात वाचला हो. यंत्र उचललं कुणी?"

"चौघांनी मिळून," दीर म्हणाला.

वहिनीने पिशवी उचलली. "मग तुम्हाला आत न्यायलाही त्यांनाच बोलवा."