कमलचा डेस्कटॉप

कमलच्या कॉम्प्युटरचं सांगतो, ऐका. कमल माझी पुतणी, तिला जन्मापासून दिसत नाही. टायपिंगचं काम मिळालं होतं, सोमवारपासून सुरू करायचं होतं.

धाराशिवहून मेकॅनिक आला. म्हणाला, "काका, यात दोन डेस्कटॉप टाकलेत, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी दोन तऱ्हेची. दोन्ही स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवतात. कुठला ठेवू?"

पहिला लई झकपक होता. आमच्या घरात मी म्हणेन ते होतं. म्हटलं, "हाच."

कमल म्हणाली, "अण्णा, थांबा की. आधी स्क्रीन बंद करा."

स्क्रीन बंद केला. तिनं कीबोर्डवर बोटं चालवली. मशीन बोललं, "बटण. बटण. बटण."

मी विचारलं, "कशाचं बटण?"

मेकॅनिक म्हणाला, "तेवढं बघून घ्यायचं, काका."

कमल खो खो हसली. मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या डोळ्यांवर बांधला. "घे बघून. यातलं एखादं पत्र उघड."

त्यानं चाचपडत मशीनच बंद केलं.

मग दुसरा लावला. हा दिसायला साधा, पण प्रत्येक बटणाचं नाव सांगायचा. टॉवेल बांधलेल्या मेकॅनिकनं पत्र उघडलं. कमलनं तर दोन ओळी लिहूनही टाकल्या.

"हाच ठेव," मी म्हणालो.

"पण काका, तुम्हाला तर पहिला आवडला होता."

"मला कुठं टायपिंग करायचंय?"