नुसते ओठ

पाठ-परीक्षेचा दुसरा दिवस होता. सकाळी दहाच्या सुमारास, प्राथमिक शाळेतील पहिलीच्या वर्गाबाहेर तीन भावी शिक्षक मुलांना गाणे शिकवण्याच्या पाठासाठी आपापल्या पाळीची वाट पाहत बाकावर बसले होते. टोकाला बसलेल्या उंच तरुणाचा क्रमांक शेवटचा होता. शेजारणींचे बोलणे त्याच्या कानांवर पडत होते.

"ताई, हात किती गार पडलेत तुझे!"

"मला गाता येत नाही गं. पहिलीत बाई म्हणाल्या होत्या, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून चारचौघांत गायलेच नाही."

"आणि आता तूच पहिलीची बाई होणार! आत काय करशील?"

"साथीला मोबाइल चालतो ना? त्यावर गाणं लावीन आणि ओठ हलवीन. परीक्षक मागे बसतात, त्यांना काय कळणार?"

"अगं, बेसूर गा, पण गा. ती चिल्लीपिल्ली तुझ्या तोंडाकडेच बघत असतात."

"नापास झाले तर वर्ष जाईल. घरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

तेवढ्यात आतून हाक आली आणि ताई उठली.

गाणे सुरू झाले. तरुणाने कान टवकारले. मोबाइलमधला आवाज स्वच्छ येत होता. मुलांचा मात्र एकही नाही. तो शेजारणीकडे वळला.

"मुलं गात का नाहीत हो?"

"गप्प बसा, मलाच धडकी भरलीये."

गाणे संपले. दार उघडून परीक्षक बाई बाहेर आल्या; मागे ताई भिंतीला टेकून उभी होती.

"बाई, मुलं गायली नाहीत का?" बाकावरच्या मैत्रिणीने विचारले.

"गायली ना, अगदी तुमच्या ताईंसारखी. सगळ्या वर्गाने नुसते ओठ हलवले. नापास."