कव्हरवर कोणाचं नाव

श्रावणी सोमवारी गोंदिया स्टेशनावर मी तिकिटाच्या रांगेत होते. ओठांवर जप होता, कान पुढच्या दोघांकडे. एकाने जुनी कॅसेट रुमालात बांधून छातीशी धरली होती.

"टिकेश, सांभाळ बे. बकाराम गुरुजी गेले, आता त्यायचा एवढाच आवाज उरला. आज नागपूरले सीडी निघतीन."

"पण धर्मेंद्र, गुरुजीनं जितेपणी थे कॅसेट दाबून काऊन ठेवली?"

"कॅसेटची कंपनी बुडाली म्हणून."

"दुसरी भेटली असती. गाणेच त्यायचे नसतीन तं?"

"काहीही नोको बोलू! कव्हरवर 'गीत आणि आवाज बकाराम' छापतीन आज दोन वाजता."

"ऐक नं. हरेक ओळीच्या मधात गुरुजी थांबतेत. धान रोवताना तिथंच हात चिखलात जाते. मायसंग रोवणा केला मी, मले समजते."

"मंग?"

"गुरुजी धानाच्या बांधीत कधी उतरले? जनमभर मास्तरकी केली."

"त्यायच्या घरी रोवणा कोण करे?"

"शकुंतलाकाकू."

"गुरुजीची बायको? थे तं कधी बोलत बी नाही."

"कोणी पुसलं? तिरोड्याले एकटी राहते आता."

"टिकेश, काकू 'हो, माहेच गाणे' म्हणाली तं? मेलेल्या माणसाचं नाव खराब होईन."

"काकू जित्ती आहे नं."

खिडकी आली तशी धर्मेंद्रने नोट आत सरकवली.

"कहाँ का?"

"दो नागपूर... नहीं भैया, रुको. दो तिरोडा."