अनिकेतने काढलेली तोंडं

सुधाकाकू, काका, आणि इल्फर्डच्या या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो,

बोलणं जड जातंय. मघाशी आत आले, तर खुर्च्या कमी पडत होत्या. डोळे भरून यायच्या आधी माझ्या मनात काय आलं, सांगू? माझ्यासाठी एवढी माणसं येतील का? काकू, सहा वर्षं मी तुमच्या अनिकेतचा हेवा केला. आज तो नाही, तरी सवय सुटत नाही.

आम्ही एकाच स्टुडिओत कार्टूनमधल्या पात्रांची तोंडं काढायचो. आवाज आधी रेकॉर्ड होतो, मग त्यावर ओठ बसवायचे. मी पुण्याहून डिग्री घेऊन आलेली. तो इथेच लंडनमध्ये वाढलेला, ऑटिस्टिक. माझे शॉट दुरुस्तीसाठी परत यायचे, त्याचे पास व्हायचे. त्याला वेगळी खोली. ट्यूबलाइट सोसत नाही म्हणून टेबल लॅम्प. मीटिंगला सुट्टी. बोलताना डोळ्यांत बघायचा नाही. मला वाटायचं, शिष्ट आहे. तो तोंडाकडे बघत असायचा, हे फार उशिरा कळलं.

एक दिवस मी प्रोड्यूसरला म्हणाले, "सेम रूल्स फॉर एव्हरीवन." ऐकायला किती छान वाटतं, नाही? तीन आठवड्यांत अनिकेतचं टेबल आमच्यामध्ये आलं. डोक्यावर ट्यूबलाइट, चहूकडे फोन. आता त्याचे शॉट परत यायला लागले. काकू, मला आनंद झाला. खरंच झाला. तुमच्यासमोर हे सांगायलाच मी आलेय. वर्षभराने त्याला खोली परत मिळाली ती तुमच्या पत्रांमुळे. मी गप्प होते.

त्याच वर्षात एकदा तो कानांवर हात ठेवून माझ्या टेबलाशी आला. माझा शॉट बघितला आणि म्हणाला, "ताई, तू तुझी तोंड लवकर बंद करते."

हसा काकू, त्याचं मराठी तुम्हाला माहीत आहे. तो शॉटमधल्या बाईबद्दल बोलत होता. बोलणं संपलं तरी माणसाचं तोंड क्षणभर उघडं राहतं, म्हणाला. मी तेवढं ठेवलं. माझा शॉट पहिल्यांदाच एका फटक्यात पास झाला. मी थँक यू म्हटलं? नाही. आणखी जळले.

गेल्या आठवड्यात त्याचा ड्रॉवर मी रिकामा केला. आत नुसती तोंडं. प्रत्येक कागदावर कुणाचं तरी नाव. माझे अकरा कागद निघाले. एकाखाली त्याच्या गोल अक्षरात लिहिलंय, 'सेम रूल्स फॉर एव्हरीवन'. त्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आहे. माझंच आहे ते.

म्हणजे त्याने ऐकलं होतं. बघितलंही होतं. आणि त्यानंतर तो मला शिकवायला आला होता.

एवढं मन कुठून आणलं त्याने? याचाही मला हेवा वाटतो. हा मात्र मी जन्मभर जपणार आहे.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.

अनिकेत, माझं बोलणं संपलं. तोंड अजून मिटत नाहीये. तुझंच बरोबर होतं रे.